सिंधचे थर आणि अंबरनाथची शिळा

अंबरनाथच्या शिवालयांत उत्तर दरवाज्याच्या आंतील बाजूस एक लहानसा संस्कृत शिलालेख कोरलेला आहे. शिलाहार कुळांतील मुम्मुणि राजाच्या कारकीर्दींतील हा लेख. तो प्रथम उलगडण्याचा मान मुंबईचे सुप्रसिद्ध विद्वान डॉ. भाऊ दाजी ह्यांचा. त्यांनीं त्यांतील शक ७८२ असा वाचला, आणि त्या वाचनावरून देवालयाचें वय ठरलें. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं, म्हणजे भाऊ दाजींच्याच सहवासांत तयार झालेल्या संशोधकानें, तो लेख पुनः तपासला आणि पहिला अंक सात नसून नऊ आहे असें दाखवून दिलें. शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. एका अंकाचें वळण नीट लागलें आणि देवालय दोनशें वर्षांनीं अलीकडे आलें. राजांची वंशावळ जुळली व इतिहासाची घडी बसली.

अक्षरांचें वाचन इतकें नाजूक असतें. मग ज्या शिळेवर तीं अक्षरें कोरलीं आहेत, त्या शिळेचें वय कोणीं वाचावें व कशावरून वाचावें? तिच्यावर तिच्या जन्माचा शक कोणीं कोरलेला नाहीं. तरीही तो वाचला गेला. त्या वाचनाचा एक महत्त्वाचा धागा अंबरनाथपासून शेंकडों कोस दूर, सिंध प्रांताच्या पश्चिम सीमेवरील उजाड डोंगरांत सांपडला. ज्या प्रांतांतून हजारों कुटुंबें पुढें अंबरनाथच्या शेजारीं येऊन वसलीं, तोच हा प्रांत.

अंबरनाथचें देऊळ काळ्या पाषाणाचें आहे. हाच पाषाण शेजारच्या वालधुनीच्या पात्रांत उघडा पडलेला दिसतो; बदलापूरच्या जुन्या विहिरी ह्यालाच फोडून खणल्या गेल्या; आणि उल्हास नदी कर्जताहून कल्याणकडे येते तीही ह्याच्याच अंगावरून. दक्षिणेच्या अंगास मलंगगड आणि चंदेरी ह्यांचे कडे, त्यांच्यामागें माथेरानचें पठार, आणि पूर्वेस सह्याद्रीची भिंत, हा सर्व परिवार एकाच जातीच्या दगडाचा. पावसाळा सरल्यावर स्वच्छ उन्हांत ह्या डोंगरांकडे पाहिलें तर त्यांच्या अंगावर आडव्या रेघा स्पष्ट दिसतात. एक कडा, मग गवताची उतरती पट्टी, पुनः कडा, पुनः पट्टी, अशी ही रचना जिन्याच्या पायऱ्यांसारखी आहे. म्हणूनच युरोपीय भूगर्भशास्त्रज्ञांनीं ह्या दगडाला 'ट्रॅप' हें नांव दिलें. स्वीडनच्या भाषेंत पायरीला जो शब्द आहे, त्यावरून तें आलें आहे. ह्यांतील प्रत्येक पायरी म्हणजे पृथ्वीच्या भेगांतून वर आलेल्या तप्त रसाचा एक पूर होय. असे पूर एकावर एक थिजत गेले. आजही त्यांनीं सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर भूमि व्यापिली आहे, आणि महाबळेश्वराकडे त्यांची जाडी हजार मीटरांहून अधिक भरते.

परंतु ह्या दगडाची एक मोठी अडचण आहे. तो मुका आहे. गाळाचा खडक ज्या पाण्यांत बसतो, त्या पाण्यांतले शंखशिंपले आपल्या पोटांत जपून ठेवितो, आणि त्यांवरून त्याचा काळ सांगतां येतो. तप्त रसांत कोणता प्राणी जगणार आणि कोणाचें कलेवर टिकणार? १८३० नंतरच्या दशकांत कर्नल साइक्स ह्यांनीं दख्खनच्या ह्या पायऱ्यांचें वर्णन विलायतेच्या विद्वानांपुढें मांडलें, तेव्हां त्यांची भव्यता सर्वांस पटली. पण त्या केव्हांच्या, ह्या प्रश्नाला उत्तर नव्हतें.

उत्तराची पहिली आशा दोन पुरांच्या मधल्या विश्रांतींत दिसली. एक पूर थिजल्यावर दुसरा येईपर्यंत कधीं कधीं बराच काळ जात असे. तेवढ्यांत खळग्यांत पाणी सांचे, तळीं होत, गाळ बसे, जीव नांदूं लागत. आणि मग वरून येणारा नवा पूर त्या सर्वांवर झांकण घाली. मुंबई बेटावर वरळीस असा एक गाळाचा थर उघडा पडला. त्यांत लहानशा बेडकांचे सांगाडे होते. रिचर्ड ओवेन ह्या प्रख्यात शरीरशास्त्रज्ञानें १८४७ सालीं त्या बेडकाचें शास्त्रीय नामकरण केलें. त्याच थरांतील कांसवाचें वर्णन मुंबईतले डॉ. कार्टर ह्यांनीं केलें. तिकडे नागपुरास स्टीफन हिस्लॉप ह्या मिशनऱ्यानें आपल्या सहकाऱ्यासह टाकळी आणि आसपासच्या भागांतून गोड्या पाण्यांतील शंख, बिया, फळें व लांकडांचे अश्मीभूत तुकडे मोठ्या चिकाटीनें गोळा केले. १८६३ सालीं हिस्लॉप एका ओढ्याच्या पुरांत बुडून वारले; परंतु त्यांच्या संग्रहानें दख्खनच्या पाषाणाला पहिल्यांदा वाचा फुटली असें म्हणण्यास हरकत नाहीं.

ती वाचा मात्र अस्पष्ट होती. तळ्यांतला बेडूक व ओढ्यांतला शंख आपल्या गांवापुरते असतात. एका तळ्यांतले जीव दुसऱ्या देशांतल्या तळ्यांतील जीवांशीं ताडून पाहावेत तर मेळ बसत नाहीं. समुद्राचें तसें नसतें. समुद्रांतला एखादा शिंपला एका काळीं दूरदूरच्या किनाऱ्यांवर एकदम पसरतो आणि कांहीं काळानें सगळीकडून नाहींसाही होतो. त्यामुळें ज्या थरांत तो सांपडेल त्या थराचा काळ, पृथ्वीच्या पाठीवर कोठेंही असो, जुळवितां येतो. हिस्लॉप ह्यांनीं आपल्या शंखांवरून दख्खनचे पूर इओसीन काळांतील, म्हणजे समुद्रांत न्युम्युलाइट नांवाचे नाण्यासारखे चपटे जीव भरभराटीस आले त्या काळांतील, ठरविले होते. दुसऱ्यांना ते त्याहून जुने, क्रिटेशस म्हणजे खडूच्या खडकांच्या काळांतले, वाटत होते. ह्या तंट्याचा निवाडा करावयाचा तर समुद्राची साक्ष हवी होती.

ती साक्ष शोधण्याचें काम मुख्यतः विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड ह्यांच्याकडे आलें. १८५५ सालीं ते हिंदुस्थानच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यांत दाखल झाले, आणि १८६७ सालीं पश्चिम व मध्य हिंदुस्थानच्या ट्रॅपवरील त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. नर्मदेच्या खोऱ्यांत बाघ गांवाजवळ समुद्राच्या गाळाचे थर आहेत. त्यांतील जीव क्रिटेशस काळचे, आणि ट्रॅप त्यांच्यावर पसरलेला आहे. म्हणजे ट्रॅप त्यांच्यानंतरचा. उलट, सुरत आणि भडोच ह्यांच्या बाजूस न्युम्युलाइटांचे थर ट्रॅपच्या वर बसलेले असून त्यांत ट्रॅपचेच झिजलेले गोटे आहेत. म्हणजे ट्रॅप त्यांच्या पूर्वींचा. अशा रीतीनें दोन्ही बाजूंनीं कुंपण पडलें. पण हें कुंपण फार ऐसपैस होतें. दोन्ही टोकांमध्यें कोट्यवधि वर्षांचें अंतर होतें. शिवाय दोन्ही ठिकाणीं थर आणि ट्रॅप ह्यांच्या मध्यें झीज झालेली होती, म्हणजे इतिहासाचीं पानें गळालेलीं होतीं. जेथें एकही पान न गळतां समुद्राचा गाळ, ट्रॅप आणि पुनः गाळ अशी सलग पोथी मिळेल, असें ठिकाण हवें होतें.

१८७० नंतरच्या दशकांत ब्लॅनफर्ड आणि त्यांचे सहकारी फेडन ह्यांनीं सिंधच्या पश्चिम भागाची पाहणी हातीं घेतली. सिंध त्या वेळीं मुंबई इलाख्याचाच भाग होता व १९३६ पर्यंत तो तसाच राहिला. सिंधूच्या उजव्या तीराकडून पश्चिमेस गेलें म्हणजे कालव्यांची हिरवी पट्टी संपते आणि किर्थर व लक्की ह्या डोंगरांच्या रांगा लागतात. पाऊस नाममात्र, नद्या वर्षांतून कांहीं दिवस वाहणाऱ्या आणि बाकीचे दिवस वाळूच्या. झाड नाहीं, माती नाहीं. डोंगराचा सांगाडा उघडा. कोकणांत जो खडक पाहावयास विहीर किंवा खाण शोधावी लागते, तो येथें मैलच्या मैल उन्हांत पसरलेला असतो. शेतकऱ्याला जी भूमि शापासारखी वाटावी, ती भूगर्भशास्त्रज्ञाला वरदानासारखी वाटते, ती ह्यामुळें.

पण हें वरदान निर्भेळ नाहीं. ही भूमि स्थिर नव्हे. हिंदुस्थानचा भूखंड पश्चिमेकडील भूखंडांना जेथें घांसतो व रेटतो, त्या सांध्याजवळ सिंध-बलुचिस्तानचे डोंगर उभे आहेत. लक्कीस गंधकाचे ऊन झरे आहेत. शेजारच्या कच्छच्या रणांत १६ जून १८१९ च्या भूकंपानें जमिनीचा लांबच लांब पट्टा वर उचलला गेला आणि लोकांनीं त्याला 'अल्लाबंद' म्हटलें. ३१ मे १९३५ रोजीं क्वेट्टा शहर जमीनदोस्त झालें. आणि २६ जानेवारी २००१ रोजीं कच्छनें पुनः तोच अनुभव घेतला. अशा प्रदेशांत समुद्रतळाशीं आडवे बसलेले थर आडवे राहत नाहींत. ते वांकतात, कमानीसारखे वर उठतात, भेगांवरून सरकतात. खालचा थर जुना व वरचा नवा, हा भूगर्भशास्त्राचा पहिला नियम. परंतु जेथें थर उभे किंवा उलटे झाले असतील, तेथें खालचा कोणता हेंच आधीं ठरवावें लागतें. सरकलेल्या भेगेमुळें एकच थर दोनदां दिसतो आणि तो दोन काळांचा भासतो. ह्यास्तव वाचणाऱ्यानें एका कड्यावर विश्वास न ठेवतां कमानीच्या दोन्ही कुशींत तोच क्रम लागतो कीं नाहीं, हें पाहावें लागतें.

ह्या पद्धतीनें जुळविलेली सिंधची पोथी अत्यंत वाचनीय ठरली. तळाशीं वालुकाश्म आणि चुनखडीचे थर. त्यांवर हिरवट रंगाच्या मऊ, पापुद्र्यांच्या मातीखडकाचा थर. त्यांत कार्डिटा ब्यूमाँटी नांवाचा जाडसर शिंपला विपुल सांपडतो. तेव्हां येथें समुद्र होता. त्याच्यावर राणीकोट गटाचा खालचा भाग लागतो. कित्येक मैल लांबीच्या तटाचा जो प्रचंड राणीकोट किल्ला त्या डोंगरांत आहे, त्यावरून हें नांव पडलें. रंगीबेरंगी माती, ठिसूळ वालुकाश्म, जिप्सम आणि मधून मधून हलक्या प्रतीचा कोळसा, असें त्याचें स्वरूप आहे. तेव्हां समुद्र मागें हटला होता, आणि नदीच्या मुखाशीं दलदल माजून झाडें कुजत होतीं. त्यावर राणीकोटचा वरचा भाग, तपकिरी चुनखडीचा. समुद्र परत आला आणि पहिले न्युम्युलाइट दिसूं लागले. त्यावर किर्थरची पांढरी, उंच कड्यांची चुनखडी. हाताच्या बोटांनीं उचलावीं अशीं दगडी नाणीं तिच्यांत खच्चून भरलेलीं आहेत. पुढें नारी आणि गाज ह्या नद्यांच्या नांवांचे थर, समुद्र उथळ होत असल्याचे. आणि शेवटीं मंचर सरोवराच्या नांवाचा गट, ज्यांत समुद्र कायमचा गेला असून नद्यांची वाळू, गोटे व जमिनीवरच्या मोठ्या सस्तन प्राण्यांचीं हाडें आहेत. समुद्राचें येणें, जाणें, पुनः येणें आणि अखेरचा निरोप, असा हा सारा इतिहास एकाच डोंगररांगेंत पायीं चालत वाचतां येतो.

ह्या पोथींत एक पान वेगळ्याच शाईचें निघालें. कार्डिटा ब्यूमाँटीच्या हिरवट थराच्या माथ्यावर आणि राणीकोटच्या तळाखालीं काळ्या पाषाणाची एक पट्टी होती. दख्खनचा ट्रॅप ज्यानें पाहिला होता, त्याला ती ओळखावयास वेळ लागला नाहीं. जाडी दख्खनच्या मानानें क्षुल्लक. जात मात्र तीच. जें ब्लॅनफर्ड शोधीत होते तें येथें होतें: खालीं समुद्राचा गाळ, मध्यें ट्रॅप, वर पुनः गाळ.

पण येथेंच सर्वांत मोठी शंका उभी राहते. ही पट्टी खरोखर त्या काळीं समुद्रकांठीं पसरलेला पूर आहे, कीं पुष्कळ काळानंतर दोन थरांच्या फटींत खालून घुसलेला रस आहे? दुसरें खरें असेल तर वरखालच्या शिंपल्यांची साक्ष कुचकामाची. घरांत नंतर शिरलेल्या चोराचें वय घराच्या वयावरून ठरविण्यासारखें तें होईल. ही शंका फेडण्याच्या खुणा ठराविक आहेत. फटींत घुसलेला रस खालचा व वरचा असे दोन्ही थर भाजतो. उघड्यावर पसरलेला पूर फक्त खालचा थर भाजतो, कारण वरचा अजून बसलेलाच नसतो. घुसलेला रस थर फोडून वर-खालीं जातो. पूर आपल्या जागीं एकाच पातळीवर राहतो. पुराच्या पृष्ठभागीं वायूच्या बुडबुड्यांचीं छिद्रें राहतात. सर्व विचार करून ब्लॅनफर्ड ह्यांनीं निर्णय दिला कीं, सिंधची ही पट्टी त्या थरांच्याच काळचा पूर आहे.

ह्या निर्णयाचा अर्थ फार दूरवर पोंचतो. ट्रॅप हा क्रिटेशस काळाच्या अगदीं शेवटच्या समुद्रानंतरचा आणि न्युम्युलाइटांच्या भरभराटीपूर्वींचा ठरला. नर्मदेनें व सुरतेनें घातलेलें ऐसपैस कुंपण सिंधनें जवळ आणलें. १८७९ सालीं मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड ह्यांचा हिंदुस्थानच्या भूगर्भावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्याच सुमारास सिंधवरील ब्लॅनफर्ड ह्यांचा प्रबंधही बाहेर पडला. अंबरनाथच्या काळ्या शिळेच्या जन्माचा शक असा सिंधच्या शिंपल्यांनीं सांगितला.

ह्यानें वाद कायमचा मिटला असें नाहीं. १९३० नंतरच्या दशकांत वनस्पतींच्या अवशेषांचे थोर अभ्यासक बिरबल साहनी ह्यांनीं ट्रॅपमधील गाळांत सांपडणाऱ्या ताडामाडांच्या जातीच्या वनस्पतींवरून ट्रॅप इओसीनकडे ओढला; म्हणजे हिस्लॉपांच्या मताला नवें बळ मिळालें. पुढें खडकांतील किरणोत्सर्गी द्रव्यांच्या मोजमापानें वर्षांचे आंकडे मिळूं लागले. १९८० नंतर हीं मापें इतकीं सुधारलीं कीं, ट्रॅपचा मुख्य भाग सुमारें सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वीं, आणि तोही दहा लक्ष वर्षांच्या आंतबाहेर, रचला गेला असें दिसून आलें. हा काळ नेमका क्रिटेशसचा शेवट आणि पुढल्या युगाचा आरंभ ह्यांच्या सीमेवरचा. अजस्र सरड्यांचा, म्हणजे डायनोसोरांचा, अंत झाला तो हाच. कच्छमध्यें अंजार येथें ट्रॅपच्या मधल्या गाळांत इरिडियम ह्या दुर्मिळ धातूचें प्रमाण वाढलेले पातळ थर आढळले, आणि गोदावरीच्या मुखाकडे राजमहेंद्रीस ट्रॅपमध्यें सांपडलेल्या समुद्री सूक्ष्मजीवांनींही ह्याच सीमेकडे बोट दाखविलें. तात्पर्य, दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत सत्याचा अंश होता. कारण पाषाण सीमेवरच जन्मला होता. आणि ती सीमा मोजमापाचीं यंत्रें येण्यापूर्वीं शंभर वर्षें, एका उजाड डोंगरांतील शिंपल्यांवरून, पुष्कळशी अचूक हेरली गेली होती.

कोकणच्या भूमीलाही आपली चंचलता आहे, हें ह्याच संशोधकांच्या लक्षांत आलें. सह्याद्रीच्या कड्यांवर ट्रॅपच्या पायऱ्या जवळ जवळ आडव्या आहेत. तेथून पश्चिमेस येत गेलें कीं त्या समुद्राकडे कलूं लागतात आणि मुंबईत तर त्यांचा उतार सहज डोळ्यांत भरतो. हा बांक पनवेलच्या नांवानें ओळखला जातो, आणि ऑडेन ह्यांनीं १९४९ सालीं पश्चिम हिंदुस्थानांतील पाषाणाच्या उभ्या भिंतींविषयीं लिहितांना त्याचा परामर्श घेतला. बदलापूर-अंबरनाथचा टापू आडव्या कड्यांच्या आणि कललेल्या किनाऱ्याच्या मध्यें पडतो. वज्रेश्वरीपासून राजापुरापर्यंत उन्हाळ्यांची, म्हणजे ऊन पाण्याच्या झऱ्यांची, जी ओळ कोकणांत आहे, ती खालच्या भेगांची खूण होय. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयनानगरच्या भूकंपानें महाराष्ट्रास ही गोष्ट फार कठोरपणें शिकविली.

ज्या १९४९ सालीं ऑडेन ह्यांनीं हें लिहिलें, त्याच वर्षीं कल्याणच्या लष्करी छावणीचें उल्हासनगर झालें. दुसऱ्या महायुद्धांत उभारलेल्या त्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेलीं, लाखाच्या घरांतील माणसें येऊन राहिलीं होतीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. लारकान्याहून कोटरीकडे जाणारी आगगाडी सेहवानच्या पुढें लक्कीचा डोंगर आणि सिंधु नदी ह्यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेनें जाते. त्या गाडींतून ज्यांनीं प्रवास केला होता, त्यांच्या डोळ्यांपुढून ते थर गेलेले होते. घरें, शेतें, दुकानें, देवळें मागें टाकून हीं माणसें ज्या परक्या काळ्या खडकावर उतरलीं, त्याचें वय त्यांच्याच मुलखांतल्या डोंगरानें सत्तर वर्षांपूर्वीं सांगून ठेविलें होतें. दोन देशांच्या मध्यें रेघ ओढतां येते. खडकांची पोथी मात्र त्या रेघेनें दुभंगत नाहीं. सिंधचें पान काढून घेतलें तर अंबरनाथचें पान अर्थहीन होतें.

ह्या पोथीला धोका आहे तो आणखी एका बाजूनें. वरळीचा बेडकांचा थर मुंबईच्या इमारतींखालीं बहुतांशीं झांकला गेला. ठाणें जिल्ह्यांत खडीसाठीं टेंकड्या फोडल्या जात आहेत, आणि बदलापूर-अंबरनाथच्या नव्या वस्तीला ती खडी लागतेच. घर बांधणाऱ्याला दगड हवा, ह्यांत गैर कांहीं नाहीं; शिलाहारांच्या पाथरवटांनींही येथलाच पाषाण वापरला. पण पाथरवटानें फोडलेल्या दगडावर निदान एक लेख कोरला गेला, आणि त्यांतील एक अंक चुकला तेव्हां तो पुनः पाहून दुरुस्त करतां आला, कारण शिळा जागेवर होती. जो थर वाचण्यापूर्वींच फुटून रस्त्याखालीं गेला, त्याचें चुकलेलें वाचन दुरुस्त करण्यास कोणताही भगवानलाल पुढें येऊं शकणार नाहीं. म्हणून खाण चालूं होण्यापूर्वीं तेथील कड्याची नोंद व्हावी, मधला गाळ दिसल्यास त्याचा नमुना महाविद्यालयांच्या संग्रहांत जावा, आणि शाळांतील मुलांना गांवाशेजारची पायरीपायरीची टेंकडी एकदां तरी दाखविली जावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाहीं. शक ९८२ चा लेख जपणाऱ्या गांवाला सहा कोटी वर्षांचा लेखही जपतां येईल.